व्यवस्थापनाच्या वर्गात तांब्या कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील एका महाविद्यालयात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला ‘कला आणि संस्कृती’ हा दोन क्रेडिटचा विषय यंदापासून अनिवार्य झाला असून तो शिकवण्याची जबाबदारी मार्केटिंग शिकवणाऱ्या एका तरुण अध्यापिकेवर आली आहे. पालक म्हणतात, तेवढ्या वेळात मुलांना एक्सेल शिकवा. विद्यार्थी म्हणतात, मुलाखतीत हे कोण विचारणार? प्राचार्यांना चार लोकांत सांगता येईल असा उपयोग हवा आहे. व्यवसायशिक्षणात कलेला खरोखर काही स्थान आहे का, आणि असल्यास ती वर्गात आणायची कशी, असे या अध्यापिकेने विचारले आहे.

माझी ११ वर्षे पंपांच्या विक्रीत आणि त्यानंतरची २२ वर्षे बडोद्यातच व्यवस्थापन शिकवण्यात गेली, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी उभा राहिलो आहे. माझे उत्तर ‘होय, स्थान आहे’ असेच आहे. परंतु ज्या कारणांसाठी हा विषय सहसा पुढे केला जातो, ती मला पुरेशी वाटत नाहीत. कलेमुळे सर्जनशीलता वाढते, व्यक्तिमत्त्वाला पैलू पडतात, ताण हलका होतो, असे माहितीपत्रकांत छापलेले असते. हे खोटे आहे असे नाही, पण सत्राच्या शेवटी ते दाखवून देता येत नाही. गाण्याचा उत्तम कान असलेली माणसे व्यवहारात कठोर वागलेली मी पाहिली आहेत, तेव्हा कला माणसाला आपोआप चांगले करते असा दावाही मी करणार नाही.

माझे कारण आपल्या अध्यापनातील एका उणिवेशी जोडलेले आहे. आपण विद्यार्थ्यांच्या हातात केस, म्हणजे एखाद्या कंपनीचा लिहून काढलेला प्रसंग देतो. ती लिहिण्यापूर्वी कोणीतरी त्या कंपनीत जाऊन आलेले असते, शंभर गोष्टी पाहून त्यांतील पंधरा निवडलेल्या असतात, ताळेबंदातील नेमके आकडे काढून तक्त्यात मांडलेले असतात. विद्यार्थ्याच्या पुढ्यात येते ते पाखडून, निवडून ठेवलेले धान्य. त्यावर निर्णय घेण्याचा सराव त्याला भरपूर मिळतो, पण सूप हातात धरण्याची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याला जे काम पडते, ते पाखडण्याचेच असते. डीलर का नाराज आहे, मशीन दुपारनंतरच का अडते, ग्राहक ‘विचार करून सांगतो’ म्हणाला तेव्हा त्याला काय म्हणायचे होते, याचा तक्ता कोणी करून देत नाही. चित्र, नाटकाचा प्रयोग, कारागिराचे काम किंवा घरातली रोजच्या वापरातली एखादी वस्तू यांच्यासमोर उभे केले की विद्यार्थी प्रथमच अशा परिस्थितीत येतो, जिथे कशाकडे पाहायचे हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. हा सराव व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कोणत्याही विषयात मला सापडलेला नाही.

म्हणून माझा पहिला तास तांब्याचा असतो. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत मोलाची वाटली ती आपला लोटा, आणि तो घडवताना कोणकोणत्या प्रश्नांचा विचार झाला असेल, याची मोठी यादी त्यांनी त्या अहवालात केली आहे. ती यादी मी आधी दाखवत नाही. पाच-पाच जणांच्या गटाला एक तांब्या देतो आणि ‘दहा मिनिटांत याचे वर्णन लिहा’ एवढेच सांगतो. दरवर्षी साधारण एकाच प्रकारचे कागद परत येतात: धातू पितळ, ऑनलाइन किंमत अमुक, ग्राहकवर्ग पारंपरिक, स्पर्धक स्टील आणि प्लास्टिक.

मग पेन खाली ठेवायला सांगून तांब्या पाण्याने भरायला लावतो. तो ओल्या हाताने उचलायचा, डोळे मिटून चाचपायचा, ओतायचा, कमरेवर धरून जिना चढून यायचे. तेव्हा गळ्यापाशी बोटे का अडकतात, ओठ बाहेर वळलेला नसता तर पाणी कुठे सांडले असते, बुडाचा गोलावा धक्का लागल्यावर काय करतो, रिकामा आणि भरलेला वाजतो कसा, हे एकेक बाहेर येऊ लागते. एका वर्षी दांडिया बाजारात राहणारी एक मुलगी आजीचा तांब्या घेऊन आली होती. त्यावर आजीच्या आजोळचे नाव आणि लग्नाचे साल घातलेले होते. आहेराच्या भांड्यावर नाव का घालतात, यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली: मालकी, आठवण, देण्याघेण्याचा हिशेब, हरवल्यास ओळख. मग कोणीतरी म्हणाले की भांडे जुने झाले की तांबट ते वजनावर मोडीत घेतो. ईम्स यांच्या यादीतही हा प्रश्न आहे: वस्तू निकामी झाल्यावर तिच्या धातूचे काय मोल उरते? ज्या मुलांनी अवशिष्ट मूल्य ही संज्ञा परीक्षेपुरती पाठ केली होती, त्यांना ती त्या दिवशी हातात धरता आली.

पाहण्याची ही सवय नसल्यामुळे काय होते, हे मी नोकरीत असताना स्वतः अनुभवले. एका दिवाळीला आमच्या कंपनीने विक्रेत्यांना मिठाईचे डबे वाटायचे ठरवले आणि स्थानिक संस्कृतीचा स्पर्श हवा म्हणून झाकणावर आणि बाहेरच्या खोक्यावर पिठोरा या आदिवासी भित्तिचित्रांतले घोडे छापले. त्या बैठकीत मीही होतो आणि नक्षी मलाही आवडली होती. छोटा उदेपूरकडील एका विक्रेत्याने, जे स्वतः राठवा समाजाचे होते, सगळे डबे परत पाठवले. मी समजूत काढायला गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, हे घोडे आमच्या घरात ओसरीच्या भिंतीवर असतात. डबा रिकामा झाला की लोक तो कुठे टाकतील?”

पिठोरा हा नवस फेडण्याचा विधी आहे, हे मला त्या दिवशी कळले. घरावर संकट आले की पिठोरा देवाला नवस बोलतात. तो फळला की कुमारिका शेण आणि पांढऱ्या मातीने भिंत सारवतात, लखारा चित्र काढतो, आणि चित्रात सगळे देव आले की नाही हे बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, पाहून सांगतो. तो होकार मिळेपर्यंत ती भिंत पुरी झालेली नसते. आमच्या बैठकीत सातआठ शिकलेली माणसे होती; चित्र कसे दिसते यावर आम्ही तासभर बोललो, ते काय करते हा प्रश्न एकालाही सुचला नाही. हे सांगताना मी विद्यार्थ्यांपुढे दुसरी बाजूही ठेवतो: आज राठवा कलाकार स्वतः कागदावर आणि कापडावर पिठोरा काढतात आणि विकतात. तेव्हा ‘पवित्र आहे, हात लावू नका’ एवढ्यावर विषय संपत नाही. काय विकायचे, कुठे आणि कोणत्या रूपात, हे कोणी ठरवायचे, असा तो प्रश्न आहे, आणि हा प्रश्न व्यवसायाचाच आहे.

आता संखेड्याविषयी, कारण बडोद्यात शिकवणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. ओरसंग नदीकाठचे हे गाव आपल्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथले खरादी सागाचे लाकूड खरादावर (लेथवर) फिरवतात आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो. केवड्याच्या पानाने तो सारखा करतात. नक्षी मात्र कथलाची. कथील कुटून, सरसात कालवून त्याचा रंग करतात, कुंचल्याने तो हाताने भरतात आणि अकीक दगडाने घासून चकाकी आणतात. इथपर्यंत नक्षी रुपेरी असते. तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर चढला की ती डोळ्यांदेखत सोनेरी होते. सोन्याचा कण नसताना सोने दिसते, ही गोष्ट मुले फार वेळ पाहत राहतात, आणि मी त्यांना पाहू देतो.

परतल्यावर त्यांना एका झोपाळ्याचा खर्च काढायला सांगतो. पहिल्या प्रयत्नात लाकूड, लाख, कथील, मजुरीचे तास आणि वाहतूक एवढे रकाने येतात. एका गटाने कारागिराला ‘दिवसाला किती नग होतात?’ असे विचारले होते. त्यावर ते म्हणाले होते की खुर्चीचे पाय मुलगा करतो, नक्षी मात्र मी सकाळीच भरतो, दुपारी हात जड होतो. हे वाक्य गटाने टिपून घेतले होते, पण त्याचा रकाना केला नव्हता. एका माणसाच्या सकाळच्या तीन तासांवर अख्खे उत्पादन अवलंबून आहे. कुंचल्याची ती रेघ शिकायला किती वर्षे लागली आणि मुलगा ती शिकतो आहे की नाही, यावर त्या धंद्याचे पुढचे भवितव्य ठरणार आहे. क्षमता, अडथळ्याची जागा, वारसानियोजन अशी जाड नावे आपण ज्यांना देतो, ते सगळे त्या एका वाक्यात होते. एक्सेल शिकवा म्हणणाऱ्या पालकांना मी हेच उदाहरण देतो. एक्सेल शिकवलेच पाहिजे, मीही शिकवतो. परंतु रकान्याला कोणता मथळा द्यायचा, हे एक्सेल सांगत नाही.

कला आणि व्यवसाय यांची ही सांगड मी नव्याने घालतो आहे, असे समजू नका. आपल्या शहरात ती एके काळी स्वाभाविक होती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनतज्ज्ञ. तिथे चित्रकला, रंगाई, सुतारकाम आणि यंत्रविद्या एकाच संस्थेत शिकवल्या जात. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आणि त्याच गज्जरांच्या पुढाकारातून, अमीन आणि कोटिभास्कर यांच्या साथीने, १९०७ मध्ये अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. बँक ऑफ बडोदा त्यानंतर एका वर्षाने, १९०८ मध्ये. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची. ज्या दरबाराने बँक आणि कारखान्यांना बळ दिले, त्यानेच गायनशाळा आणि संग्रहालयही उभे केले, आणि यांपैकी कशालाही शोभेची वस्तू मानले नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्या विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली, मूळचे इंदूरचे चित्रकार बेंद्रे मास्तर तिथे चित्रकला शिकवू लागले, आणि पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्या प्रेरणेने तिथल्या मेळ्यात विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः खेळणी करून गावकऱ्यांना विकू लागले. वस्तू करायची, तिची किंमत ठरवायची आणि अनोळखी माणसाच्या हातात ती देताना त्याचा चेहरा पाहायचा, असे सगळे त्या मेळ्यात होते. वाणिज्य शाखेची मुले तिथे गिऱ्हाईक म्हणूनच जात राहिली, याची मला आजही खंत वाटते.

बाहेरही हा विचार जुना आहे. अमेरिकेत १९५९ मध्ये व्यवसायशिक्षणावर दोन मोठे अहवाल आले, एक फोर्ड आणि एक कार्नेगी प्रतिष्ठानाच्या मदतीने, आणि व्यवसायाच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्यांचा पाया हवा, असे दोन्हींत म्हटले होते. स्टॅनफर्डमध्ये जेम्स मार्च यांनी नेतृत्व हा विषय वर्षानुवर्षे कादंबऱ्या आणि नाटकांच्या आधारे शिकवला. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते आपल्याकडचे जवाजाचे काम. अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यानंतर प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्थेला बरोबर घेऊन राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात जवाजा येथे गेले. तिथल्या विणकरांनी आणि चर्मकारांनी आपला व्यवहार स्वतः सांभाळावा, दाता बदलला तरी त्यांचे काम थांबू नये, अशी त्यामागची दृष्टी होती. देशातील अग्रगण्य व्यवस्थापन संस्था घडवणारा माणूस नंतर मागाशेजारी जाऊन बसतो, याचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगावा लागत नाही.

पाश्चात्त्य उदाहरणांवर फार वेळ घालवू नका, असे मात्र मी आवर्जून सुचवीन. मराठी मुलांच्या आजी-आजोबांच्या घरात ज्या संस्थेची आठवण अजून जिवंत आहे, ती नाटक मंडळी ही व्यवसायाची पहिल्या प्रतीची केस आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली ती बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांच्या भागीदारीत, आणि बडोद्याच्या दरबाराचा तिला आश्रय होता. शेकडो मैल फिरणारा बिऱ्हाडाचा पसारा, रोजचा भटारखाना, खरे भरजरी शालू, उंची अत्तरे, आणि उत्पन्न मात्र तिकीटखिडकीवर येईल तेवढेच. काही वर्षांत दोन्ही भागीदार बाहेर पडले आणि कर्जाचा डोंगर एकट्या बालगंधर्वांच्या डोक्यावर आला. ते कर्ज त्यांनी पुढे फेडले. पण शालू खोटा चालेल, असे मात्र म्हटले नाही.

वर्गाला मी विचारतो: हा शालू खर्चाच्या कोणत्या खात्यात घालाल? तो उधळपट्टी आहे की ज्यासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढतात तो मालच आहे? मुलांचे दोन तट पडतात आणि दोन्ही बाजूंना खरे मुद्दे असतात. मग १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’कडे वळतो. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मालक एका रंगमंचावर उभे राहिले. एकमेकांचा प्रेक्षक तोडणाऱ्या दोन मंडळ्या एका रात्रीसाठी एकत्र येताना कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्या लागल्या असतील, याची यादी मुलांनी करायची: भूमिका कोणी कोणत्या करायच्या, साथ कोणाची, तिकिटाचा दर किती, जाहिरातीत नाव कोणाचे आधी. या यादीवरून संयुक्त प्रकल्पाच्या करारातील निम्मी कलमे निघतात. त्यानंतर एक गट केशवरावांच्या बाजूने आणि एक बालगंधर्वांच्या बाजूने वाटाघाट उभी करतो, आणि वीस मिनिटांनी मी भूमिका उलट करायला लावतो. थोड्या वेळापूर्वी ज्या मुद्द्यावर आपण अडून बसलो होतो, त्याच मुद्द्यावर आता समोरचा अडून बसलेला पाहणे, हे नाटकाच्या पद्धतीनेच शक्य होते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचीही अशीच केस करता येते. बडोद्याच्या दरबारासाठी त्यांनी केलेली पौराणिक चित्रे आधीच गाजली होती. १८९४ मध्ये छापखाना निघाला, चित्रे घरोघरी पोहोचली आणि तरीही थोड्याच वर्षांत तो विकावा लागला. मागणी प्रचंड असताना मालक तोट्यात कसा जातो, हा प्रश्न एका तासाला पुरतो.

आता माझ्या चुकीविषयी, कारण तुम्ही ती टाळू शकाल. पहिल्या वर्षी मी हा विषय इतिहासासारखा शिकवला. अजिंठ्यापासून आधुनिक चित्रकलेपर्यंत पडद्यावर चित्रे दाखवली, घराण्यांची नावे सांगितली आणि शेवटी लेखी परीक्षा घेतली. मुलांनी सनावळ्या पाठ केल्या, गुण मिळवले आणि विसरून गेली. पडद्यावरचे चित्र पंधरा सेकंदांत पुढे सरकते. तेवढ्या वेळात मुले माझे बोलणे लिहून घेतात, चित्राकडे पाहत नाहीत. दुसऱ्या वर्षी मी पडदा बंद केला आणि वर्गाला कीर्तिमंदिरात, म्हणजे बडोद्यातील गायकवाड घराण्याच्या स्मारकात नेले. शांतिनिकेतनहून येऊन नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध. एका भिंतीसमोर ४० मिनिटे उभे राहायचे, मोबाइल पिशवीत, आणि मी काहीही सांगायचे नाही, असा नियम केला.

पहिल्या दहा मिनिटांत चुळबूळ होते. कलासंग्रहालयांतील शिक्षकांनी रूढ केलेले तीन साधे प्रश्न मी तेव्हा विचारत राहतो: इथे काय चालले आहे? तुला असे कशावरून वाटते? आणखी काय दिसते? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘हा हरतो आहे’ असे कोणी म्हटले की कशावरून ते भिंतीवर बोट दाखवून सांगावे लागते. खांद्यावरून, नजरेवरून, की भोवतीच्या गर्दीवरून? शेजारी उभी असलेली मुलगी तोच खांदा पाहून वेगळे काही म्हणते, आणि मग दोघांनाही पुन्हा नीट पाहावे लागते. बाजारपाहणीच्या अहवालात ‘ग्राहक समाधानी आहे’ असे बेधडक लिहिणाऱ्या मुलांना निरीक्षण आणि निष्कर्ष यांतील अंतर इथे कळते. येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभे करून असाच सराव दिला गेला, आणि त्यानंतर रुग्णांची बाह्य लक्षणे ते अधिक बारकाईने टिपू लागले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरला जे उपयोगी पडते, ते दुकानात उभ्या राहणाऱ्या सेल्समनलाही उपयोगी पडेल, असे मानायला मला अडचण वाटत नाही.

संगीताविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा अधिकार कमी आहे. ‘टीमवर्क’ शिकवायला जुगलबंदी दाखवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला वरवरची वाटते. त्याऐवजी एखाद्या गायिकेला आणि तबलजींना वर्गात बोलावून रियाज करायला सांगा. चूक झाली की ते कुठे थांबतात, कोण कोणाला काय सांगतो, तीच ओळ किती वेळा घेतात, हे मुलांनी टिपावे. चुकीबद्दल बोलण्याची ती पद्धत आपल्या कार्यालयांत क्वचितच आढळते.

व्यावहारिक बाजू अशी. दोन क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे ३० किंवा प्रात्यक्षिकाचे ६० तास. विषय प्रात्यक्षिकाचा म्हणून नोंदवता येत असेल तर तसाच नोंदवा, नाहीतर संखेड्याची एक फेरी झाली की तास संपतील. लेखी परीक्षा शक्य तेवढी लहान ठेवा आणि गुण निरीक्षणवहीला द्या: डाव्या पानावर जे दिसले तेवढेच, उजव्या पानावर त्यावरून काय वाटले ते. कारागिरांकडे चाळीस मुले नेणार असाल तर त्यांच्या दिवसाच्या कमाईइतके मानधन आधी मंजूर करून घ्या. ते आपल्याला शिकवतात आणि त्या दिवशी त्यांचा खराद बंद असतो; विद्यापीठातल्या व्याख्यात्याला पाकीट देणाऱ्या संस्थेने त्यांना चहावर परत पाठवू नये. विषयाला धोरणाचा आधार हवा असल्यास २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाणभट्टाचा आणि ६४ कलांचा उल्लेख करून बहुविद्याशाखीय शिक्षणाची बाजू मांडलेली आहे. तो उतारा प्रस्तावाला जोडता येईल.

प्राचार्यांना हव्या असलेल्या उपयोगासाठी मी एक सोपी रीत ठेवली आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी, तांब्याच्याही आधी, मुलांना मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात दोन तास पाठवतो आणि अहवाल घेतो. सत्राच्या शेवटी त्याच कारखान्यात पुन्हा पाठवतो आणि दोन्ही अहवाल एकमेकांना टाचतो. एका विद्यार्थ्याचे दोन अहवाल मी अजून जपून ठेवले आहेत. पहिल्यात लिहिले होते: ‘कारखाना स्वच्छ असून कामगार शिस्तबद्ध आहेत. पॅकिंग विभागात महिलांना रोजगार दिला जातो.’ दुसऱ्यात त्याने लिहिले की पॅकिंगच्या टेबलापाशी प्रत्येक बाईच्या पायाखाली दोन विटा आहेत, कारण ते टेबल पूर्वी तिथे काम करणाऱ्या पुरुषांच्या उंचीचे आहे. खोका उचलून मागे ठेवताना दर वेळी विटांवरून उतरावे लागते. आणि त्याने उभे राहून मोजले तेव्हा एका तासात एक बाई ३४ वेळा उतरली आणि चढली. मालकांना विटांविषयी ठाऊक नव्हते. त्यांनी त्याच आठवड्यात सुतार बोलावून टेबलांचे पाय कापून घेतले. कारखान्याची परवानगी मिळायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या भेटीचे पत्र तुम्ही आतापासूनच पाठवून ठेवा.